टाकीला धार कोण लावायचं?

इजिप्तमध्ये गिझाला, खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या मागे, वायव्येच्या कोपऱ्यात, सहसा कुणी जात नाही. उंटवाले जात नाहीत, फोटोवाले जात नाहीत. मी गेलो तो सावलीसाठी. दुपारचे साडेतीन झाले होते. पश्चिमेकडे पठार उभं तासून खाली उतरवलंय, त्या कड्याच्या पायथ्याशी हातभर सावली पडली होती. तिथे टेकून बसलो, समोर पाहिलं, तर जमिनीवर मार्किंग केलेलं.

मला दुसरा शब्दच सुचला नाही. एकतीस वर्षं मी फिटरच्या पोरांना वर्कशॉपमध्ये शिकवलं. जॉब हातात आला की आधी रेघा मारायच्या, मग छिन्नी. इथेही तेच, फक्त जॉब म्हणजे अख्खं पठार. चौकोनी बुंधे ओळीने बसलेले आणि प्रत्येक दोन बुंध्यांमध्ये चर. झाड तोडून नेल्यावर खोडाचा बुंधा राहतो, तसे उचलून नेलेल्या दगडांचे तळ तिथे राहिले आहेत. साडेचार हजार वर्षांपासून.

गाइडने लांबूनच हाक मारली, तिकडे काही नाही म्हणून. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, हे कसं केलं? त्याने तयार उत्तर दिलं: खडकात लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, त्यांवर पाणी ओतायचं, लाकूड फुगलं की दगड फुटतो. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाकून पुन्हा चराकडे पाहिलं. मला तर पाचरीचं भोक कुठे दिसेना. एका शेजारी एक, तिरके घाव मात्र दिसत होते. हा दगड फोडलेला नव्हता, कापलेला होता.

(पाचरीची भोकं इजिप्तमध्ये आहेत, पण ती मुख्यतः अस्वानच्या ग्रॅनाइटच्या खाणींत, आणि तीही बहुतेक लोखंड आल्यानंतरच्या काळातली. घरी आल्यावर वाचलं. गाइडला त्या वेळी काही बोललो नाही, त्याची बस चुकली असती.)

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. त्यात सगळं कौतुक दगडाचं. टाकीने काय सोसलं ते कुणी विचारत नाही. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र आधी तेच दिसतं. एवढे चर खणायचे म्हणजे किती टाक्या बोथट झाल्या असतील? त्यांना धार कोण लावत होतं? पिरॅमिडबद्दल जो तो एकच प्रश्न विचारतो, एवढे दगड वर कसे चढवले? अरे बाबा, चढवण्याआधी ते खडकापासून सुटे करावे लागले ना.

सुटे कसे केले, ते त्या कोपऱ्यात बसल्या बसल्या समजतं. वरचा ढिसूळ, वाऱ्यापावसाने खाल्लेला थर काढून टाकायचा. मग हव्या त्या मापाचा चौकोन आखून चारी बाजूंनी चर खणायचा. चर एवढा रुंद की एक माणूस आत उभा राहून हात चालवू शकेल. म्हणजे दगड मिळतो तेवढाच, पण त्याच्याभोवतीचा बराच माल चुरा होऊन जातो. आमच्या भाषेत भयंकर वेस्टेज. हा चुरा नुसता पडून राहिला नाही, उताराचे रस्ते आणि भराव करायला तोच वापरला. बांधकाम संपल्यावर रस्ते मोडून त्यांचा माल परत खाणींच्या खड्ड्यांत ढकलला. म्हणून खुफूच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेची मुख्य खाण आज पाहायला गेलं तर बरीचशी भरलेली दिसते.

चारी बाजू मोकळ्या झाल्या तरी दगड तळाला चिकटलेलाच असतो. खरी गंमत इथे आहे. गिझाचा चुनखडक एकसारखा नाही. घट्ट थर, मग मऊ मातकट थर, परत घट्ट, अशी ती चळत आहे. स्फिंक्स पाहिलात तर हेच दिसेल: डोकं शाबूत आणि अंगावर आडव्या खाचा, कारण मधले मऊ थर झिजून आत गेलेत. खाणकामगारांनी या मऊ थराचाच फायदा घेतला. घट्ट थर जेवढा जाड तेवढी दगडाची उंची धरायची, खालच्या मऊ थरात खाच मारायची आणि जाडजूड लाकडी वासे घालून तरफेने दगड उचकटायचा. खुफूच्या पिरॅमिडचे थर एका उंचीचे नाहीत याचं एक कारण हेच. पहिला थर जवळपास दीड मीटरचा, पुढे कमी होत जातो, आणि पस्तिसाव्या थराला एकदम पुन्हा सव्वा मीटरच्या वर. ड्रॉइंगप्रमाणे माल नव्हे, मालाप्रमाणे ड्रॉइंग.

स्फिंक्सचं तर अजून मजेदार. त्याच्याभोवतीचा खड्डा म्हणजे खाणच. त्यातून निघालेले अजस्र दगड समोरच्या देवळाला लावले. पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर आणि भूशास्त्रज्ञ थॉमस आयग्नर यांनी देवळाचे दगड तपासून कुठला दगड खड्ड्याच्या कुठल्या थरातून आला ते जुळवून दाखवलं.

या दगडात बारीक चपट्या गोल चकत्या दिसतात. न्युम्युलाइट नावाच्या समुद्री जीवांची ती कवचं. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी इथे आला, तेव्हा त्याला सांगितलं गेलं की ही कामगारांच्या जेवणातली उरलेली मसूर, दगड झालेली. त्याला ते पटलं नाही, कारण त्याच्या स्वतःच्या मुलखातही एका टेकडीवर असेच मसुरासारखे खडे होते. गाइड लोकांची परंपरा जुनी आहे, एवढंच यातून मी घेतलं.

आता टाकी. खुफूच्या काळात, म्हणजे इ.स.पूर्व २६०० च्या आसपास, कामाला लोखंड नाही. तांबं आहे, आणि त्यात थोडं आर्सेनिक असलं तर ते जरा कणखर. शिवाय चकमकीसारख्या कठीण दगडाचे टिकाव आहेत. जुन्या राज्याच्या, म्हणजे या पिरॅमिडांच्या काळातल्या खाणींत चर नेमके कशाने खणले, तांब्याने की दगडी टिकावाने, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. रोझमारी आणि डीट्रिख क्लेम या जर्मन जोडप्याने इजिप्तभरच्या खाणी पालथ्या घातल्या आणि नुसत्या घावांच्या खुणांवरून खाणीचं वय सांगण्याची पद्धत बसवली: जुने घाव आखूड आणि अस्ताव्यस्त, नव्या राज्यातले, म्हणजे हजारएक वर्षांनंतरचे, माशाच्या काट्यासारखे एकाआड एक तिरके, आणि लोखंड आल्यावर लांब, समांतर, शिस्तीत. पोरांच्या जॉबवरचे फायलिंगचे फटके पाहून कुणाचा हात ते मी ओळखायचो. त्यामुळे क्लेम पती-पत्नींवर माझा पूर्ण विश्वास बसला.

कडकपणाच्या मोजपट्टीवर चुनखडकातल्या कॅल्साइटला ३ गुण. आणि तांब्याला? तेही जवळपास ३. म्हणजे बरोबरीची कुस्ती! हे वाचल्यावर मला राहवेना.

माझ्याकडे जुन्या बसबारचा, म्हणजे विजेच्या पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीचा, एक तुकडा पडून होता. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड. चुनखडकाचा एक ठोकळा मिळवला. बसबारच्या एका टोकाला फाइलने धार काढली, लाकडी मोगरी घेतली आणि मागच्या दारी बसलो. हिने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "रिटायर झालात ना तुम्ही?"

पहिल्या फेरीत नऊ घाव. नवव्या घावाला धार गोल झाली. दगडावर पांढरी रेघ, त्यात किंचित तांबूस झाक. बस.

मग जे पोरांना फळ्यावर शिकवत होतो ते केलं. तांबं थंडच ठेवून धारेच्या दोन्ही अंगांनी हातोडीने ठोकून काढलं. ठोकल्याने तांबं कडक होतं, वर्क हार्डनिंग म्हणतात त्याला. पुन्हा धार काढली. या वेळी चाळीसपर्यंत गेलो. पण असं सारखं ठोकत राहिलं तर ते ठिसूळ होऊन कडेला तडे जातात. मग तापवून पुन्हा मऊ करायचं, आणि पुन्हा ठोकायचं. ठोक, घास, काप, ठोक, घास, काप, मधूनच भट्टी. तासाभरात माझ्या ठोकळ्यात करंगळीचं एक पेर बुडेल एवढी खोल आणि वीतभर लांब खाच पडली. त्या तासातला निम्म्याहून जास्त वेळ दगडावर गेलाच नाही, टाकीवर गेला.

माझं बसबारचं तांबं शुद्ध, म्हणून जास्तच मऊ. त्यांचं थोडं बरं असणार. माझा ठोकळा कधीचा वाळलेला; खाणीतून ताजा निघालेला चुनखडक आत ओल धरून असतो, तो कापायला मऊ लागतो आणि हवेवर राहून घट्ट होत जातो. आणि माझा हात वर्कशॉपचा, खाणीचा नव्हे. हे सगळं वजा केलं तरी मूळ गोष्ट उरतेच. जिथे चर खणणारे होते, तिथे धार लावणारे, ठोकणारे, भट्टी फुंकणारे असणारच. चित्रात नेहमी दगड ओढणारी रांग असते. धार लावणारा माणूस त्या चित्रात नसतो.

१९९१ मध्ये लेहनर आणि रॉजर हॉपकिन्स नावाच्या पाथरवटाने गिझाजवळ एक छोटा पिरॅमिड बांधून पाहिला, टीव्हीच्या कार्यक्रमासाठी. बारा खाणकामगारांनी बावीस दिवसांत १८६ दगड काढले. पण हत्यारं लोखंडी, आणि दगड ओढायला पोलादी दोराची चरखी. खुफूच्या पिरॅमिडमध्ये अंदाजे २३ लाख दगड. वीस वर्षं धरली, जी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितली आहेत, तर सुट्टी न घेता रोज ३१५. मी वहीत भागाकार मांडला: बारांची टोळी दिवसाला साडेआठ दगड, म्हणजे सदतीस टोळ्या, साडेचारशे माणसं. चरखीच्या बदल्यात लेहनर यांनी टोळीमागे वीस माणसं जास्त धरली, तेव्हा आकडा बाराशेच्या आसपास जातो. हेरोडोटसचे एक लाख कामगार कुठे आणि हे कुठे! तांब्यासाठी मी माझ्या मनाने अजून दुप्पट धरतो. तरीही एका मोठ्या कारखान्याची हजेरी भरेल एवढीच ही माणसं.

हे झालं आतल्या भरावाच्या दगडाचं. बाहेरून जो पांढराशुभ्र, गुळगुळीत दगड लावला होता तो गिझाचा नाही. तो नाईलच्या पलीकडच्या, पूर्वेच्या काठावरून, तुरा आणि मासराच्या डोंगरातून आला. अलीकडेपर्यंत तुरा म्हटलं की सिमेंट आणि तुरुंग. तिथे आमची सहल गेली नाही, कुणाचीच जात नाही. पण तिथलं काम गिझापेक्षा अवघड. चांगला थर डोंगराच्या पोटात, म्हणून कामगार बोगदे मारत आत शिरले. आधी छताला लागून माणूस ओणवा सरपटेल एवढी पोकळी कोरायची. त्या पोकळीत पालथं पडून मागची बाजू वरून खाली चिरत न्यायची, मग दोन्ही कडा, शेवटी तळ. वरून खाली असा एकेक दगड पायरीपायरीने काढायचा आणि मधे मधे खांब सोडायचे, नाहीतर डोंगर अंगावर. उजेडाला वातीचा दिवा. पालथं पडून, दिव्याच्या उजेडात, तोंडावर चुन्याची भुकटी घेत. मी तासभर उघड्यावर बसून खोकलो, तर हिने वाफ घ्यायला लावली.

हा दगड इतका मानाचा की वेनी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या थडग्यातल्या आत्मवृत्तात खास लिहून ठेवलंय: राजाकडे मागितलं आणि राजाने तुराची पांढरी शवपेटी दिली, झाकणासकट. पुढे नव्या राज्याच्या सुरुवातीला, अहमोस राजाच्या कारकिर्दीच्या बाविसाव्या वर्षी, मासराच्या खाणीत एक शिळा कोरली. तिच्यावर घसरगाडीवर ठेवलेला दगड बैल ओढताहेत. माणसांच्या जागी बैल, हे पाहून मला बरं वाटलं. आणि अगदी अलीकडचं म्हणजे, दुसऱ्या महायुद्धात या गुहांमध्ये सैन्याचं सामान ठेवायचं म्हणून साफसफाई चालली होती, तेव्हा १९४१ मध्ये तिथे ग्रीक पपायरसचा मोठा गठ्ठा सापडला. ख्रिस्ती धर्मपंडितांचं लिखाण. खाणीचा तिसराच उपयोग.

पपायरसवरून मेरेर. मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो हा माणूस.

२०१३ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या तुकडीला तांबड्या समुद्राच्या काठी, सुएझच्या दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर, वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस म्हणून जगातले सर्वांत जुने. खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांतले. त्यातला मोठा भाग म्हणजे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. याच्या हाताखाली चाळीसएक माणसांची तुकडी, आणि काम: तुराहून होडीत दगड भरायचे, पाण्यावाटे गिझाला पोचवायचे, रिकाम्या होडीने परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. नोंदी आपल्या लॉगबुकसारख्याच रुक्ष: आज दिवसभर तुरा दक्षिण इथे दगड भरले, रात्रीचा मुक्काम तिथेच. आज दगड घेऊन निघालो. आज पोचलो. वरचा साहेब म्हणून अंखहाफचं नाव येतं, खुफूचा सावत्र भाऊ. पिरॅमिड किती भव्य, राजा किती थोर, असलं एक वाक्य नाही. शिफ्ट संपली, नोंद केली, सही. मला हा माणूस भयंकर आवडला.

पण हे लॉगबुक तांबड्या समुद्राच्या काठी काय करत होतं? नाईल कुठे, समुद्र कुठे? तर वादी अल-जर्फ हे बंदर होतं. तिथून समुद्र ओलांडला की सिनाई, आणि सिनाईत फिरोजा आणि तांबं. चुनखडक वाहून झाल्यावर तीच तुकडी या बंदरावर कामाला आली, आणि निघताना जुनी कागदपत्रं तिथेच टाकून गेली. खडकात कोरलेल्या कोठारांची तोंडं त्यांनी मोठाल्या दगडांनी बंद केली, त्या दगडांपाशीच हे तुकडे सापडले. म्हणजे दगड वाहणारी माणसं आणि तांब्याच्या वाटेवरची माणसं वेगळी नव्हतीच. ज्या टाकीने तुराचा दगड निघाला तिचं तांबं याच वाटेने येत होतं. हे वाचलं त्या रात्री मी हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आता झोपा.

धार लावणाऱ्याचं नाव मला कुठे सापडलं नाही. पण टूल स्टोअर सापडलं! तेराशे-चौदाशे वर्षं नंतरचं, राजांच्या दरीत थडगी कोरणाऱ्या कामगारांच्या वस्तीतलं, देर अल-मदिना इथलं. तोही चुनखडकच. खापऱ्यांवर आणि दगडाच्या कपच्यांवर त्यांचे हिशोब मिळाले आहेत. तांब्याच्या टाक्या सरकारी. कामगाराला वजन करून द्यायच्या, बोथट झाल्या की वजन करून परत घ्यायच्या आणि वितळवून पुन्हा घडायला पाठवायच्या. दिव्याच्या वातीसुद्धा मोजून. माझ्या स्टोअरमध्ये पितळी टोकन होतं, हत्यार नेलं की खुंटीवर टोकन अडकवायचं. तरी महिन्याला दोन छिन्न्या गायब व्हायच्याच. तिथेही तेच. पानेब नावाच्या मुकादमावर एका पपायरसमध्ये आरोपांची लांबलचक यादी आहे. त्यात एक असा की त्याने फेरोचे मोठे टिकाव स्वतःच्या थडग्याच्या कामाला वापरले. सरकारी हत्यार, खाजगी काम. वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो.

वजनाचं वाचल्यावर मीही माझा बसबार वजनकाट्यावर ठेवला. सुरुवातीला ठेवला होता तेव्हा ४१२ ग्रॅम, सवयीने लिहून ठेवलं होतं. आता ३९८. चौदा ग्रॅम तांबं गेलं. त्यांच्या नव्या राज्याच्या मापात सांगायचं तर एक डेबेन म्हणजे ९१ ग्रॅम, त्याचा दहावा भाग म्हणजे कित. माझं दीड कित तांबं वीतभर खाचेत संपलं. लेखनिकाने उभं करून विचारलं असतं, कुठे गेलं?

ठोकळ्याखालची भुकटी चाळून पाहिली. पांढरीच होती. मग धार लावायचा दगड उलटा करून उन्हात धरला, तर त्याच्यावर मधोमध एक तांबडा पट्टा.